पाच–एक

बस पहाटे आली. आंबोलीच्या धुक्याने काचा अजून ओल्या,
आणि ड्रायव्हर उल्हास तारी खाली उतरण्याआधीच
मिंगेलच्या चहाच्या गाड्यावर सामना पुन्हा सुरू झाला.
मी नळाशी. पोत्यात अठरा जर्सी.
कुडचड्याचा हा नळ सहाला येतो, साडेसातला जातो.
तेवढ्यात मला सगळा विजय धुऊन काढायचाय.

"पाच गोल! कोल्हापुरात! त्यांच्या घरात घुसून!"
"पाच कसले, चार. दुसरा त्यांच्याच पोराच्या गुडघ्याला लागून गेला."
"गुडघा कोणाचाही असो, जाळं त्यांचंच ना रे?"
इनास म्हणतो, त्यांचे दोघे तापाने झोपले होते.
पुंडलिक वेळीप म्हणतो, आणि आपला रुझार?
तो काय टाके घालून नाचायला गेला होता?
पाव घेऊन निघालेला पोदेर सायकल टेकवून उभा.
उंडे निवतायत, वाड्यावरच्या बायका भोंग्याची वाट बघतायत,
त्याला तिसऱ्या गोलचा पास कोणी दिला
एवढंच हवंय.

शेवटी सगळ्यांनी उल्हासला धरलं. तू होतास ना तिथे?
होतो, म्हणाला.
पण टायर बसलं होतं, मी बसखाली होतो,
ओरडा झाला की मोजायचो.
सहा वेळा झाला.
सगळ्यात मोठा त्यांचा.

मला कोणी विचारत नाही.
दहा नंबर, जिच्या नावाने आज चहा फुकट,
तिला नुसता काखेत घाम.
सहा नंबर पुढून मागून काळी, कोपराला रक्त,
बरगडीवर कुणाच्या तरी बुटाचे चार खिळे उमटलेले.
सहा नंबर म्हणजे फ्लोरियान. त्याचं नाव
गाड्यावर अजून एकदाही निघालेलं नाही.

आमचं मैदान तांबडं. खाणीच्या ट्रकांनी उडवलेली धूळ
बारा वर्षं घासतेय, पांढऱ्याची गुलाबी झाक जात नाही.
ही माती काळी, चिकट, बघून मी पदर खोचला होता,
तर दोन पिळ्यांत निघून गेली.
खाली आमचं तांबडं तसंच.

मग दत्ता गावस बोलले. वीजखात्यातून निवृत्त, कमी बोलतात.
"हीच पोरं इथे ओळीने चार सामने हरली.
इथे होतं आणि तिथे नव्हतं, असं काय?"
कोणी म्हणालं ऊन. कोणी म्हणालं फेणी.
"आपण," गावस म्हणाले. "तिथे आपण नव्हतो."

चहा उतू गेला तरी मिंगेलचा हात हलेना.
मागच्या रविवारी तारेच्या कुंपणावर चढून
फ्लोरियानच्या आईवरून काय काय ओरडलं गेलं,
ते मी ऐकलंय.
तीही ऐकत होती, चणे विकत, दहा पावलांवर.
सुटे पैसे परत द्यायला ती चुकली नाही.

"मग काय, रविवारी घरी बसायचं?"
"यायचं, पण तोंड मिटून."
"आणि हरलो तर? दोष कोणाला द्यायचा?"
"तू आधी मिटून दाखव!"
"मी? सगळ्यांत जास्त बोंब तुझी!"
आणि गप्प कोणी राहायचं यावर
असा गलका झाला की पोदेर कंटाळून निघून गेला,
जाता जाता भोंगा वाजवत.

सव्वासात. पोत्याच्या तळाशी सतरा नंबर.
माझ्याच इस्त्रीची घडी, गेली तशी परत आलेली.
माझा तुळशीदास. नव्वद मिनिटं बाकावर.
आता घरी बूट न काढताच झोपलाय.
तीही बुडवली पाण्यात, साबण लावला, घासली,
इतरांइतकीच.
दोरीवर सतरा ओल्या आणि एक कोरडी दिसली असती
तर गाड्याला दुपारपर्यंत पुरला असता विषय.