एकशे बत्तीस

मरोळला, फरश्यांच्या गोडाउनखाली,
जिना उतरतानाच ठोका लागला. तळपायाला आधी,
मग दातांना. कानांना सगळ्यात शेवटी.

दिवसभर मी लोकांच्या छातीला वायरी चिकटवते.
एकशे बत्तीस दिसले की सिस्टरला हाक मारते.
इथे त्याच एकशे बत्तीससाठी
आठशे रुपये भरून मनगटावर शिक्का घेतला.

समोर ग्लेनिस डाबरे, वसईची.
लॅपटॉप नाही, नुसत्या पेट्या नि वायरींचा गुंता.
कालवणात मीठ बघावं तशी
एकेक बटण जरासं फिरवते, थांबते, ऐकते.
पाऊण तास तोच ठोका. तोच.
आणि तोच नाही.
मधेच पत्र्यावर नखं ओढल्यासारखं काही
यायचं, जायचं,
आणि मी त्याची वाट बघू लागलेली.

दोन वाजून दहा मिनिटांनी सगळं गेलं.
वायर निसटली म्हणे.
एसीची घरघर, कुणाचं तरी खोकणं.
माझ्या बोटांना सवयीने स्वतःची नाडी सापडली.

पण पाय थांबले नव्हते.
आधी खांबाजवळचा तो टकलू, बूट हातात धरलेला,
मग दहाजण, मग अख्खं तळघर
सिमेंटवर धप, धप, धप,
किंचित घाईत. माणसंच ना आम्ही.

तिने वायर खोचली, पण आवाज सोडला नाही लगेच.
मान वाकवून आमचं ऐकत राहिली
आणि मशीनलाच आमच्या चुकीशी जुळवून घेतलं.

सकाळी सातची ड्युटी.
पहिल्याच आजोबांनी विचारलं, हसताय कशाला?
कागद सरकत होता. बहात्तर.
काही नाही, म्हटलं,
हलू नका फक्त.