शुद्धलेखन

सातवी ब. पटावर अकरा, हजर नऊ.
खानापूरच्या कौलभट्टीचा धूर खिडकीतून आत येतो
आणि मी फळ्यावर लिहितो : मोरिस्को.

पुस्तकात अर्धी ओळ आहे. बाकीचं मी सांगतो.
ग्रानाडा. बाप्तिस्मा दिलेले मुसलमान.
तीन वर्षांची मुदत, घरातली बोली टाका.
शुक्रवारी दारं सताड उघडी ठेवा,
आत कोण अंघोळ करतं ते रस्त्याला दिसू दे.
रोज्यांच्या दिवसांत शेजारीच बघायचे
भर दुपारी कुणाचं धुराडं गार आहे.
नोकरीला रक्त शुद्ध असल्याचा दाखला.
शेवटी गलबतं,
आणि पलीकडच्या किनाऱ्यावरही : तुम्ही कुठले?

सांगताना माझा आवाज चढतो.
मला दिसत असतो शेताचा उतारा, जो मला वाचता येत नाही,
नंदगडच्या बाजारातली रातोरात डांबर फासलेली पाटी,
वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचंच नाव,
कारकुनाने बोट ठेवलं तेव्हा कळलेलं.

मागच्या बाकावरून शहनूर सनदी हात वर करते.
"सर, मग ते लिहायचे कशात?"

खूश होतो मी.
बोली स्पेनची गं, अक्षरं अरबी.
वह्या फडक्यात बांधायच्या,
कसर लागू नये म्हणून आत मिठाचा खडा,
आणि लाकडी जमिनीखाली दुसरी जमीन करून तिथे ठेवायच्या.
पावणेतीनशे वर्षांनी घर पाडताना सापडल्या.
काही म्हणे पोरांनी शेकोटीत घातल्या.

ती लिहून घेते. "खडा" खाली रेघ मारते.

रात्री वह्या तपासायला घेतो.
निबंध : माझी आई.
तिचं चौथं पान :
अम्मा भट्टीपो कौलां उलटाती.
हातां जले तो बी कुच बोलती नै.
अक्षरं आपलीच, रेघेला नीट टांगलेली,
एक वेलांटीसुद्धा कलती नाही.
त्यावर आडवी लाल शाई. माझी. गेल्या सोमवारची.
अशुद्ध. घरची भाषा वहीत नको. पुन्हा लिही.

पान उलटतो.
पुन्हा लिहिलंय तिने.
माझी आई प्रेमळ आहे.
ती मला चांगले संस्कार देते.
मला माझी आई खूप आवडते.

एकही चूक नाही.
भट्टी नाही, हात नाहीत.
खाली, माझ्या सहीपुरती,
दोन बोटं जागा कोरी ठेवलीय.