पिवळ्याचं गुलाबी

त्र्यंबक विसपुते, चोपन्न, सराफ बाजार, जळगाव.
धंद्याच्या रकान्यात एकच शब्द: तेजाब.

दुर्बीण घशाखाली उतरताना
डोळ्यांतून पाणी आलं, हात हलला नाही.
चाळीस वर्षं चिमटा धरलेला हात.
डॉक्टर फालकांनी जठराच्या तळातून
तिळाएवढं काही खुडलं,
मी ते पिवळ्या जेलीत रोवलं
आणि घड्याळ लावलं.

बाहेर मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं.
बधिर जिभेनं ते म्हणाले,
"पोटमा आग शे, ताई. तठे कोन ऱ्हास?"
मग, थोड्या वेळानं, स्वतःशीच:
"तेजाबमा त सोनंच टिकस."

त्यांनी पाहिलंय ते.
चांदी विरघळते, तांबं हिरवं होऊन जातं,
तांबूस वाफ नाकात चढते,
आणि भांड्याच्या तळाशी उरतो मातीसारखा चुरा.
ज्याला काहीच झालं नाही, ते सोनं.

इथं उलट आहे, भाऊ.
इथं टिकतं ते, ज्याला लगेच काहीतरी होतं.

मळसूत्रासारखं वळलेलं, शेपट्यांचा झुबका असलेलं,
केसाच्या जाडीत एकापुढे एक वीसेक मावतील असं ते.
कातडीतच त्याचा पहारेकरी रुतलेला.
आंबट वाढलं की तो ओरडत नाही,
आतल्या माणसाच्या तळहातावर ठिणगी ठेवतो.
ठिणगी घेऊन तो थेट वहीपाशी.
सोळाशेच्या आसपास पानं.
हे उघड. ते मीट.
भिंतीला धरून ठेवणाऱ्या आकड्याचं पान मीट,
आत्ता इथं चिकटून राहण्यात अर्थ नाही.
युरियाच्या दाराचं उघड
(तोच युरिया, केळीला टाकतात तो;
आपल्या सगळ्यांच्या रक्तातून झिरपतो).
निकेल जमव, कणाकणानं.
तुमच्या मुशीत निकेल म्हणजे खोट,
त्याचं घर निकेलवर चालतं.
युरिया फुटतो, अमोनिया निघतो,
मुतारीच्या वासाचा
त्याच्यापुरता एक ढग.
त्या ढगात ते तग धरतं,
भोवती सगळं जळत असताना.

अक्षर मात्र एकही खोडलेलं नाही.
वही तीच. बोट ठेवलेलं पान वेगळं.
म्हणजे यालाही सोनंच म्हणायचं का?
मला ठरवता येत नाही.

सात मिनिटं.
तुकडा टेकला होता तिथून
पिवळ्यात डाळिंबाचं पाणी उतरू लागलं.
"सोनं निंघनं का?" त्यांनी विचारलं.
निघालं, म्हटलं.

फालक चौदा दिवसांच्या गोळ्या लिहितात.
पहिली गोळी कुणालाच मारत नाही.
ती आम्ल थांबवते, बस्स.
आग निवते, पहारेकरी गप्प होतो,
ते वाढीचं पान उघडतं, अंग सैल सोडतं,
एकाचे दोन व्हायला लागतात,
आणि नव्या भिंती अर्ध्या बांधून झालेल्या असताना
दुसरी गोळी येऊन पोहोचते.

हे ऐकून विसपुते बराच वेळ नखांकडे बघत राहिले.
तेजाबानं पिवळी पडलेली नखं.
"निवांत व्हयनं, तठेच फसनं," म्हणाले.
जाताना दारातून ठेच्याचं विचारलं.
सगळेच विचारतात.

मी रजिस्टरात लाल शाईनं अधिकचं चिन्ह काढलं.
मागच्या पावसाळ्यात याच टेबलावर झोपून
मीही घसा उघडला होता. माझंही गुलाबी.
गोळ्यांचं पाकीट इथंच आहे,
फीत, पंच, जुन्या पावत्यांच्या खाली.
रात्री जळजळतं.
सकाळी येऊन ड्रॉवर उघडते,
मिटते.