गाळता येणारा शब्द

खडकी बाजारात, शिलाई मशीनच्या दुकानावर
संध्याकाळी सात ते साडेआठ माझा इंग्रजीचा वर्ग.
खालचं मशीन घरघरतं, थांबतं,
दोरा ओवून पुन्हा तिथूनच पुढे जातं.

फळ्यावर लिहिलं : ही सेड दॅट ही वुड कम.
तळव्यानेच दॅट पुसला.
बघा, वाक्य उसवलं नाही.
सेड, थिंक, नो – घरातली क्रियापदं,
टाका न घालताही धरून ठेवतात.
पण मध्ये फार काही आलं,
तारीख, दवाखान्याचं नाव, शेजाऱ्यांची साक्ष,
तर दॅट राहू द्या.
लांबच्या माणसाला हात दाखवावा लागतो.

मग द मॅन आय सॉ. इथे हू नसला तरी चालतो.
द मॅन हू केम. इथला हू हलवायचा नाही.
जोएल साळवे हसला :
"म्हणजे आपण बघितला तर तसाच चालतो,
स्वतःहून आला की पावती पाहिजे?"
वर्ग हसला. मीही.

मागच्या बाकावर प्रमिला ओव्हाळ,
फॅक्टरीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटून आलेली,
मनगटाला पीठ.
"सर, बातमी असली तर?
द न्यूज ही लेफ्ट. जमतं?"

नाही जमत. बातमी आली की दॅट हवाच.

तिने मान हलवली,
दोन शब्दांमध्ये काकपद काढलं
आणि वर, बारीक अक्षरात, दॅट बसवला.

जिना उतरताना म्हणाली,
"आपल्यात जोड शेवटी येतो ना सर?
येतो म्हणून गेले."
कोण, ते मी विचारलं नाही.

बोपोडीच्या सिग्नलला स्कूटर बंद करून
मी त्यातला म्हणून काढून पाहिला.
येतो. गेले.
दोन्ही वाक्यं शुद्ध.
एकमेकांशी काही संबंध नाही.
मागून रिक्षावाला ओरडला, हिरवा पडलाय.

शुक्रवारी गृहपाठ तपासला.
जोएलने सगळीकडे दॅट पेरला होता, खताची पोती रिकामी करावीत तसा.
प्रमिलाच्या वहीत पाचवं वाक्य :
आय नो ही विल कम.
दॅट नाही.
नियमाला धरून आहे.
बराच वेळ लाल पेन हातात राहिलं,
मग बरोबरची खूण केली
आणि सहावं वाचायला घेतलं.