सुटी गोळी

शटर अर्ध्यावर आणलं होतं
तेव्हा फिलोमिनाबाई आल्या, माथारपाखाडीतून चालत,
रुमालाच्या गाठीत एक गोळी बांधून.
"पलंगाखाली झाडताना मिळाली.
ह्यांची कुठली म्हणायची ही?"

पांढरी. गोल. मधोमध एक रेघ.
एका कडेला ओल लागून पिवळट,
केरातला एक केस चिकटलेला.
माझ्या दुकानात अशा चाळीस तरी निघतील,
रक्तदाबाच्या, थायरॉईडच्या, झोपेच्या,
आणि नुसतीच ढेकर आणणाऱ्या.

जिभेवर आलं होतं, "बीपीची असेल."
सव्वीस वर्षं या काउंटरमागे उभा आहे.
लोकांना उत्तर हवं असतं,
आणि "असेल" फार स्वस्त पडतं,
त्याचं बिलही फाडावं लागत नाही.
पण अंतोनबाबांचं वजन आता बेचाळीस किलो.
तेवढ्याशा देहात माझं "असेल"
कुठे जाऊन बसेल, कोण सांगणार?

म्हटलं, "घरातल्या सगळ्या पट्ट्या घेऊन या.
आणि आज काय काय घेतलं, ते विचारा त्यांना."
"ते काय सांगणार?
काल मला आई म्हणून हाक मारली त्यांनी."

बिस्किटाच्या डब्यातून पट्ट्या आल्या.
काउंटरवर एकेक उताणी मांडली.
नऊ. सहांवर नाव होतं.
तीन कोऱ्या.
"चारच द्या, पेन्शन सातला येते,"
म्हणून कापून दिलेल्या,
आणि नाव राहिलेलं दुसऱ्या तुकड्यावर.

कापाची कड ओळखीची वाटली.
माझी कात्री टोकाशी जरा वळते,
पत्र्याला बारीक दात सोडते.

खालच्या खणातले उरलेले तुकडे काढले,
फाटक्या नोटेसारखे जोडून पाहिले.
एक जुळला.
मग दुसराही जुळला.
दोन्हींतल्या पांढऱ्या, गोल, रेघेच्या.
एक नाडी मंदावते,
एक रक्त पातळ करते.

"मग?"
"मग मला माहीत नाही, बाई."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं दुकान चुकलं असावं.

गोळी पाकिटात घातली, वर तारीख घातली,
मोठ्या अक्षरांत लिहिलं: देऊ नये.
डॉक्टर हकीमजींना फोन लावला.
ते म्हणाले, पडली ती पोटात गेली नाही,
एवढंच नक्की.
पण कुठली गेली नाही,
आणि तिच्याऐवजी दुसरी दोनदा गेली का?
सकाळी घेऊन या त्यांना. डबाही आणा.
रात्री जाग येईना, किंवा कुठून रक्त दिसलं,
तर वाट बघू नका, सरळ जे. जे.

बाई पाकीट छातीशी धरून गेल्या.
मी खण पुन्हा उघडला.
नाव नसलेले तुकडे मोजायला घेतले
आणि साठाच्या पुढे थांबलो.
चांदीवर बॉलपेन उमटत नाही.
डॉक्टरी चिकटपट्टीचं एक रीळ फोडलं,
चष्मा पुसला.

घरून फोन: निघालात का?
म्हटलं, तू जेवून घे.
थोडी नावं लिहायची आहेत.