सरकीचा उतार

व्यंकटमामा अकरा हिवाळे गुलमर्गला हॉटेलात कढईपाशी काढून
परत आला, तेव्हा त्याच्या गोणपाटात
एक लांब, अरुंद बोर्ड होता, कमरेत बारीक,
आणि बुटांचा एक जोड.
बूट कसले, निळ्या प्लास्टिकच्या दोन बादल्या.
एकेकीला चार चार कड्या, आणि आत
कुणा ऑस्ट्रियन माणसाच्या घोट्याचा खळगा
अजून तसाच.

सेलूत बर्फ मिळतो तो रसवंतीवर.
उतार म्हणाल तर रेल्वेच्या पुलाचा,
त्यावर कायम कुणाचा तरी ट्रॅक्टर बंद पडलेला.
पण माघात जिनिंगच्या मागच्या अंगणात
सरकीचा ढीग पत्र्याच्या वर जातो,
पांढुरका, लवदार, पाऊल गिळणारा.
मी तिथे वजनकाट्यावर पावत्या फाडते.
दुपारी दोन ते तीन काटा झोपतो.
तो तास आमचा.

पहिल्या दिवशी नुसते बूट.
दोन मोजे, वर मशीन पुसायच्या कापसाचा बोळा कोंबून
कड्या आवळल्या, तशी नडगी बोंबलली.
घोटा म्हणजे पायातला सगळ्यात बोलका सांधा,
त्याच्या तोंडावर कुणी हात दाबून धरलेला.
"त्याला गप बसू दे," मामा म्हणाला.
"आता गुडघ्याला बोलू दे. त्याला कुणी इचारतच न्हाई."

दुसऱ्या दिवशी बोर्ड.
दोन्ही पावलं उताराकडे, एकामागे एक,
अरुंद बांधावरून चालताना पडतात तशी.
पट्ट्या खटकन बसल्या, मी सुटले,
आणि जे करायचं नाही तेच केलं.
घाबरून मागची टाच ढकलली,
बोर्ड आडवं झालं, सरकीचा फवारा उडाला,
फाटकावरून गौसचाचा ओरडले,
"अरे माल है वो बेटा, माल!"

मामा धापा टाकत चढून आला.
माझ्या मागचा हातभर रुंद, खरवडलेला पट्टा बघितला.
"हे झाडणं झालं. झाडू घरी बी हाय.
बोर्डाला वळवायलीस कशाला?
वळण त्याच्या कमरेतच हाय.
तू निस्ती कलव. आन् दम धर."

दम धर.
हे मला आजवर फक्त लग्नाच्या बाबतीत
सांगितलं गेलं होतं.

सतरा वेळा पडले.
अठराव्यांदाही पडले, पण जरा उशिरा.
केसांत सरकी, कानात सरकी,
आईनं भाकरी वाढताना माझ्या पदरातून
एक बी उचललं, पाहिलं, काही न बोलता
चुलीत टाकलं. चट् असं वाजलं.

मनातली भीती म्हणते, ढिगाला चिकट.
बोर्ड म्हणतं, तू चिकटलीस की मी निसटलो.
यांचं भांडण आठ दिवस चाललं
आणि मी मधे, दोघांचा मार खात.

नवव्या दुपारी, का कोण जाणे,
गुडघा आधी गेला. खांदा दरीकडेच राहिला.
धार रुतली आणि आवाज बदलला.
खरखर थांबली.
कापडवाल्याची कात्री एकदा लागली
की उघडझाप न करता ताग्यातून धावते,
तसा.
डावीकडे एक.
मग क्षणभर वजनच नाही, कुणाचंच.
मग उजवीकडे एक.
मग ढीग संपला आणि मी पत्र्यावर आदळले.

वर पाहिलं.
दोन रेघा, बोटाएवढ्या बारीक.
बिया ओघळून त्या बुजवायला लागल्याही होत्या.
मामानं खिशातून अडकित्ता काढला,
सुपारी न कातरताच परत ठेवला.

सोमवारी तेलमिलचे ट्रक लागले.
भरलेला, रिकामा, निव्वळ.
अकरा पावत्या, माझ्याच अक्षरात, माझा उतार क्विंटलमध्ये,
खाली सही: कालिंदी फुलारी.
शेवटचा ट्रक फाटकातून निघाला,
परभणीच्या रस्त्याला डावीकडे वळला,
आणि काट्याच्या खोलीत, चपला घालून
खुर्चीत बसल्या बसल्या
माझा गुडघा आत कलला.