वैयक्तिक ओळख

बँकेत माझं टेबल दाराशेजारी.
ट्रॅक्टरचे कागद, वारलेल्या काकाची पिकअप,
शेताच्या हद्दी, सगळ्यावर माझा शिक्का.
आत काय लिहिलंय ते मी विचारायचं नाही.
सही करणारा तोच आहे का,
माझं काम तेवढंच.

गुरुवारी, बंद व्हायला वीस मिनिटं असताना
डार्ला उन्रू आली, मागोमाग तिची ब्रिन,
अंगात शाळेच्या बँडचं जाकीट,
आणि चार पावलं मागे ड्वेन,
टोपी हातात, चर्चमध्ये उशिरा शिरल्यासारखा.
नऊ वर्षांनी गावात दिसला.
अमरिलोहून रात्रभर गाडी हाकत आला होता,
एका सहीसाठी.

न वाचायचं ठरवूनही
पहिली ओळ डोळ्यांत शिरलीच.
मुलीचं वय सोळा. संमती: आई. संमती: वडील.
दोघांचीही. माझ्यासमोर.

डार्लाने पेन इतकं दाबलं
की तिचं नाव खालच्या कॅलेंडरवर उमटलं.
ड्वेन जन्मतारखेपाशी अडला.
"मार्च ना?"
"ऑक्टोबर," ब्रिन म्हणाली. "एकोणीस."
काउंटरवर पावतीचा नंबर सांगावा तशी.

मग मी त्याचं लायसन्स उलटून पाहिलं.
मुदत जूनमध्येच संपलेली.
बाहेर गव्हाचा ट्रक वळला, काचा थरथरल्या.
कुणी काही बोललं नाही.
विचिटाच्या दवाखान्याची वेळ उद्या सकाळी नऊची,
तीन तासांचा रस्ता.
ब्रिन जाकिटाची चेन वर-खाली करत राहिली.

फॉर्मवर आणखी एक चौकोन असतो,
वर्षातून एकदा लागला तर लागतो:
"सही करणारी व्यक्ती माझ्या वैयक्तिक ओळखीची आहे."

ड्वेनला मी ओळखते.
सातवीत त्याने माझ्या डब्यात टोळ सोडला होता.
त्याची आई गेली तेव्हा घेवड्याचं भांडं घेऊन
मी गेले होते. तो आला नव्हता.
याला ओळख म्हणायचं का,
कायद्यात लिहिलेलं नाही.

मी खूण केली. शिक्का मारला.
पैसे घेतले नाहीत.

निघताना ब्रिनने दार धरून ठेवलं,
आधी आईसाठी, मग त्याच्यासाठी.
बाहेर पडताना तो म्हणाला,
"थँक यू, मॅम,"
आपल्याच मुलीला.